विश्लेषण : ‘सोना मसुरी’मागचे पोचट दाणे… भातशास्त्रज्ञ के. रामय्या कोण होते?

डोंबिवलीतल्या कुठल्याही किराणा दुकानात तांदळाच्या रांगेत वाडा कोलम, इंद्रायणी आणि बासमतीच्या शेजारी एक गोणी हमखास असते : सोना मसुरी. दाक्षिणात्य घरांत रोजच्या भातासाठी ती आधीपासून होतीच. आता मराठी घरांतही हलका, मोकळा भात म्हणून ती नेली जाते. नावातल्या ‘मसुरी’चा उत्तराखंडातल्या थंड हवेच्या ठिकाणाशी काही संबंध नाही आणि मसूरडाळीशीही नाही. हा शब्द मलेशियातून आला. मूळ वाणाचे नाव ‘महसुरी’. लंकावी बेटावरच्या लोककथेतली एक स्त्रीही याच नावाची आहे.

पण महसुरीचा संकर मलेशियात झालेला नव्हता. तो झाला ओडिशातल्या कटकमध्ये. ज्या प्रकल्पातून तो झाला, त्याची कल्पना मांडली होती के. रामय्या या तमिळ शास्त्रज्ञाने. त्या प्रकल्पात भाताच्या दोन मोठ्या कुळांची लग्ने शेकडोंनी लावली गेली. झाडे जोमदार वाढली, फुटवे भरपूर आले, लोंब्याही आल्या आणि त्यांतले बरेचसे दाणे पोचट निघाले. ते पोचट का निघाले, याचे पक्के उत्तर मिळेपर्यंत रामय्या हयात नव्हते.

सुरुवात कशी झाली?

कृष्णस्वामी रामय्या यांचा जन्म १८९२चा. तेव्हाच्या मद्रास इलाख्याच्या शेतीखात्यात ते लागले आणि कोइम्बतूरच्या भात पैदास केंद्रात त्यांची कारकीर्द घडली. हे केंद्र १९१२ मध्ये सुरू झाले होते. एफ. आर. पार्नेल हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ तिथले प्रमुख होते. मेंडेलचे नियम जगाला पुन्हा सापडून जेमतेम डझनभर वर्षे झाली होती. ते भाताला लागू पडतात का, हे पाहण्याचे काम या गटाने हाती घेतले. भाताच्या गुणांच्या वारशावरचा त्यांचा पहिला मोठा निबंध १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत पार्नेल आणि रंगस्वामी अय्यंगार यांच्यासोबत पंचविशीतल्या रामय्यांचेही नाव आहे.

हे काम किती किचकट असते, ते सांगायला हवे. भाताचे प्रत्येक फूल म्हणजे पुढे एक दाणा होणारी इवलीशी डबी. ती सकाळी थोडा वेळ उघडते आणि बहुधा त्याआधी किंवा उघडता उघडताच तिचे स्वतःच्याच परागकणांनी फलन झालेले असते. संकर करायचा तर ती उघडण्याआधीच तिचे टोक कापायचे, आतले सहाही परागकोश चिमट्याने न फोडता काढायचे, दुसऱ्या वाणाचे पराग टाकायचे आणि वर पिशवी बांधायची. एवढे करून हाती एक दाणा लागतो, तोही लागला तर. मग त्या दाण्याचे झाड, त्याची पुढची पिढी, आणि त्या पिढीतली शेकडो झाडे एकेक करून मोजायची. कुठल्या झाडाच्या पानाचे आवरण जांभळे, कुठल्याचे हिरवे, कुठला दाणा तांबडा, कुठला पांढरा. या मोजणीतला रंगाचा धागा पुढे कथेत पुन्हा येईल.

याच केंद्रातून ‘जीईबी-२४’ हा बारीक, चवदार तांदळाचा वाण निघाला. नावातली अक्षरे म्हणजे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हुद्द्याची आद्याक्षरे. मुळात हा वाण संकरातून आलेला नाही. शेतात आपोआप बदललेले एक झाड पार्नेल यांच्या नजरेला पडले आणि त्यातून तो निवडला गेला. रामय्यांनी मात्र निवडीवर न थांबता पद्धतशीर संकराकडे मोर्चा वळवला. करपा रोगाला दाद न देणारा वाण आणि रोगाला बळी पडणारा पण चांगला पिकणारा वाण यांची सांगड घालण्याचे काम कोइम्बतूरला झाले, ते याच वाटेने.

१९३३ मध्ये त्यांनी पार्थसारथी आणि रामानुजम या सहकाऱ्यांबरोबर भाताच्या एका विचित्र झाडाची नोंद केली. भाताच्या पेशीत गुणसूत्रांच्या १२ जोड्या म्हणजे २४ गुणसूत्रे असतात. या झाडात फक्त १२ होती. तिप्पट संच असलेले झाडही त्यांना सापडले. अशी झाडे वाढतात, पण त्यांना बी जवळजवळ धरत नाही, कारण जोड्या लागत नाहीत आणि वाटणी बिघडते. वंध्यत्वाची ही एक सोपी जात. पुढे ज्या वंध्यत्वाशी गाठ पडली, ती इतकी सरळ नव्हती.

इंदूरला ते काय करत होते?

मधली काही वर्षे रामय्या भातापासून दूर होते. होळकरांच्या इंदूरमधल्या वनस्पती उद्योग संस्थेत ते कापसाच्या आनुवंशिकतेवर काम करत. पिकांचे गुण कसे नोंदवावेत, याविषयी जे. बी. हचिन्सन यांच्यासोबतचे त्यांचे १९३८चे पुस्तक त्याच काळातले. कापसातही तोच पेच होता. देशी कापसात २६ गुणसूत्रे, अमेरिकनमध्ये ५२. दोघांचा संकर झालाच तर तो वांझ. विदर्भ-खानदेशच्या शेतकऱ्याला देशीचा काटकपणा आणि अमेरिकनचा लांब धागा एका झाडात हवा होता. निसर्गाने मध्ये भिंत घातलेली होती. तिथे निदान कारण सूक्ष्मदर्शकाखाली दिसत तरी होते.

दुष्काळाने दिशा कशी बदलली?

१९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथून येणारा तांदूळ थांबला. त्याच वर्षी बंगालच्या भातावर तपकिरी ठिपक्यांचा रोग पसरला. सरकारी धोरणांचा वाटा तर मोठा होताच. १९४३च्या बंगालच्या दुष्काळात २० ते ३० लाख माणसे मेली असे मानले जाते. या धक्क्यातून भातासाठी देशपातळीवरची संस्था हवी, हे सरकारला पटले. १९४६ मध्ये कटकजवळ केंद्रीय भात संशोधन संस्था उभी राहिली आणि तिचे पहिले संचालक म्हणून रामय्यांना आणले गेले. ते तेव्हा चोपन्न वर्षांचे होते.

त्यांच्यापुढचे गणित सरळ होते. हेक्टरमागे जपानचा शेतकरी भारतीय शेतकऱ्याच्या कितीतरी पट भात काढत होता. भारतातली भाते उंच आणि लवचीक. त्यांना खत दिले की ती आणखी उंच होत आणि दाणा भरायच्या वेळेला आडवी पडत. कोकणात पावसाच्या शेवटच्या सरींत लोळलेले भात ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. जपानी भात बुटके, ताठ आणि खत पचवणारे. पण ते इथे आणून लावले तर दिवसाच्या लांबीचा आणि उष्णतेचा मेळ बसत नसे. झाड पुरते वाढायच्या आतच फुलोऱ्यावर येई. शिवाय त्याचा चिकट, गोल दाण्याचा भात इथे कोणाला रुचणार?

मग दोन्हींचा संकर करायचा. इथल्या भाताची चव, काटकपणा आणि रोगांशी जुळवून घेणे, तर तिथल्या भाताची खत पचवण्याची ताकद. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आंतरराष्ट्रीय भात आयोगासमोर १९५०च्या सुमारास रामय्यांनी ही योजना मांडली. संकर कटकला करायचे आणि त्यांचे बी दक्षिण व आग्नेय आशियातल्या देशांना पाठवायचे. ज्याने त्याने आपल्या हवामानात निवड करायची. देशांतर्गत राज्यांसाठीही अशीच योजना आखली गेली. १९५४ मध्ये एम. एस. स्वामिनाथन काही महिने कटकला होते, ते याच कामावर.

लोंब्या पोचट का राहिल्या?

धोका ठाऊक नव्हता असे नाही. जपानमधल्या काटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८ मध्येच जगभरच्या भातांचे आपसांत संकर करून पाहिले होते. काही वाणांच्या संकराला भरपूर दाणे धरत, काहींच्या संकराला फार कमी. त्यावरून त्यांनी भाताचे दोन गट पाडले आणि त्यांना नावे दिली : इंडिका आणि जपोनिका. म्हणजे ही विभागणी दाण्याच्या आकारावरून नव्हे, तर एकमेकांशी संतती होते की नाही, यावरून झाली. रामय्या नेमकी हीच रेषा ओलांडायला निघाले होते.

कल्याण-शीळ रस्त्यालगत इमारतींच्या मध्ये अजून उरलेल्या खाचरांत खोडकिडा लागला की पांढऱ्या, उभ्या, रिकाम्या लोंब्या दिसतात. शेतकरी त्याला पळींज म्हणतात. इंडिका-जपोनिका संकराची लोंबीही तशीच फसवी असू शकते. फरक एवढाच की इथे कीड नसते, रोग नसतो, पाणीही भरपूर असते. झाड आईबापांहून धष्टपुष्ट असते आणि दाणा मात्र भरत नाही. हे प्रमाण जोडीगणिक बदलते. एखाद्या जोडीत बहुतेक दाणे भरतात, तर दुसरीत बहुतेक रिकामे जातात.

आज याचे कारण बऱ्यापैकी ठाऊक आहे. भाताच्या सहाव्या गुणसूत्रावर ‘एस-५’ नावाची एक जागा आहे. तिथे तीन जनुके शेजारी-शेजारी आहेत. त्यांना मारेकरी, साथीदार आणि रक्षक म्हणता येईल. मारेकरी एकटा काही करू शकत नाही, त्याला साथीदार लागतो. इंडिकाकडे मारेकरी आहे आणि रक्षकही, पण साथीदार निकामी आहे. जपोनिकाकडे साथीदार आहे, पण मारेकरी निकामी आहे, म्हणून रक्षकाची गरजच पडलेली नाही. दोन्ही घरे आपापल्या जागी सुखी.

संकर झाला की इंडिकाचा मारेकरी आणि जपोनिकाचा साथीदार पहिल्यांदाच एका झाडात भेटतात. फुलातल्या मादी अवयवावर घाला पडतो. ज्या बीजपेशीला वाटणीत रक्षक आलेला असतो ती वाचते, जिला जपोनिकाची रक्षक नसलेली प्रत आली ती मरते. तेवढे दाणे रिकामे. दुसऱ्या काही जागांवरची जनुके असाच प्रकार परागकणांच्या बाबतीत करतात. अशा जागा आता डझनांनी सापडल्या आहेत.

वांझपणाचे हे जनुक कोणा एका पालकाने आणलेले नसते, हा इथला खरा मुद्दा. दोन्ही पालक निर्दोष. हजारो वर्षे वेगवेगळे वाढताना प्रत्येकात जो बदल झाला तो त्याच्या घरी निरुपद्रवी होता. दोघे एकत्र आले तेव्हाच तो घातक ठरला. म्हणून चांगला पालक निवडला की अडचण सुटेल, हा पैदासकाराचा नेहमीचा उपाय इथे अपुरा पडतो.

नुकसान फक्त त्या वर्षीच्या दाण्यांचे नव्हते. निवड करणाऱ्याला पुढच्या पिढ्यांत सर्व प्रकारची मिश्रणे मिळायला हवीत. इथे तर निम्मी मिश्रणे जन्मायच्या आधीच गाळली जात होती. ज्या झाडांना भरपूर दाणे धरत ती बहुधा पुन्हा एका पालकाकडे झुकलेली असत. पूर्ण इंडिकासारखी किंवा पूर्ण जपोनिकासारखी. शेतकऱ्याला हवे असलेले मधले झाड नेमके वांझ. संशोधक दाणे भरलेल्या लोंब्या निवडत गेले आणि नकळत भिंतीच्या अलीकडेच परत येत राहिले.

हाती काय आले?

फार थोडे. शेकडो संकरांतून शेतात टिकणारे वाण बोटांवर मोजण्याइतके निघाले. भारतात ‘एडीटी-२७’ हा त्यातला गाजलेला. जपानचा नोरिन-१० आणि कोइम्बतूरचा जीईबी-२४ यांचा हा संकर तंजावर भागात १९६०च्या दशकाच्या मध्याला झपाट्याने पसरला. (बुटक्या गव्हाच्या कथेतला नोरिन-१० वेगळा. नाव एकच, पीक वेगळे. अनेक लेखांत ही गल्लत होते.) मलायात ‘मलिंजा’ आणि ‘महसुरी’ निवडले गेले. एक वाण ऑस्ट्रेलियात निघाला.

महसुरीची आई तैवानमधले ‘ताइचुंग-६५’ हे जपोनिका, बाप मलायाचे ‘मायांग एबॉस’. ताइचुंग-६५ हे उष्ण प्रदेशाला आधीच सरावलेले जपोनिका होते. दिवसाच्या लांबीची अडचण त्यात कमी होती. महसुरी १९६५ मध्ये मलेशियात शेतकऱ्यांकडे गेला आणि तिथून भारतात परतला. पूर्व आणि दक्षिण भारतात तो इतका रुजला की पुढच्या पैदासकारांना तो पालक म्हणून हवाहवासा झाला.

मग भाताची हरितक्रांती कुठून आली?

दुसऱ्याच दाराने, आणि हे थोडे विचित्रच आहे. खत पचवणारे बुटके झाड मिळवण्यासाठी रामय्या जपोनिकाकडे गेले होते. ते बुटकेपण तैवानमधल्या ‘डी-जिओ-वू-जेन’ नावाच्या एका इंडिका वाणातच होते. त्याच्यापासून तैवानने १९५६ मध्ये ‘ताइचुंग नेटिव्ह-१’ काढला. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये ‘आयआर-८’ दिला. इंडिकाचा इंडिकाशीच संकर, त्यामुळे मध्ये भिंतच नव्हती. भारतात १९६८ मध्ये ‘जया’ आला. ठाणे-रायगडच्या खाचरांत जया आणि नंतर ‘रत्ना’ ही नावे एक पिढी ऐकत होती. रामय्यांचा प्रकल्प यानंतर मागे पडला.

तो चुकला होता का? कल्पना चुकीची नव्हती, फक्त कुलपाची किल्ली अजून सापडलेली नव्हती आणि भूक थांबायला तयार नव्हती. सोपी वाट समोर आल्यावर देशाने ती धरली, हे योग्यच झाले. मात्र पूर्ण फसलेला प्रयोग म्हणून त्याची जी बोळवण होते, ती न्यायाची नाही.

आंध्र प्रदेशातल्या बापटला केंद्रात काय झाले ते पाहावे. ‘सोना’ हा वाण जीईबी-२४ आणि ताइचुंग नेटिव्ह-१ यांचा संकर. त्याची महसुरीशी जोडी लागली आणि सोना मसुरी आली. त्याच तीन पालकांचे मिश्रण म्हणजे ‘सांबा महसुरी’. म्हणजे या दोन्ही तांदळांत तीन प्रवाह मिळाले आहेत : रामय्या ज्या केंद्रात घडले तिथला वाण, त्यांच्या योजनेला मागे टाकणारा बुटका वाण आणि त्या योजनेतून निभावलेला संकर. बाजारात सोना मसुरी म्हणून जे विकले जाते ते सगळे अस्सल त्याच वंशाचे असते असे मात्र नाही. आता ते जवळजवळ एका प्रकारच्या तांदळाचे नाव झाले आहे.

कर्जतच्या ‘सह्याद्री’चा याच्याशी संबंध आहे का?

डोंबिवलीहून कर्जत लोकल धरली की शेवटच्या स्थानकाच्या गावी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे भात संशोधन केंद्र आहे. १९९८ मध्ये या केंद्राने ‘सह्याद्री’ हा संकरित भात दिला. संकरित म्हटल्यावर वंध्यत्व आलेच, पण ते वेगळे. तिथे आई-वाणाचे परागकण मुद्दामच निकामी ठेवलेले असतात, म्हणजे हाताने परागकोश काढत बसावे लागत नाही. शेजारच्या ओळीतल्या दुसऱ्या वाणाच्या परागांनी तिला दाणे धरतात आणि तेच शेतकऱ्याला बियाणे म्हणून विकले जातात. बाप-वाणात ती उणीव भरून काढणारे जनुक असते, म्हणून शेतकऱ्याच्या शेतात लोंबी भरते. ही युक्ती चीनमध्ये युआन लाँगपिंग यांनी १९७०च्या दशकात यशस्वी केली.

कटकला वंध्यत्व हा शत्रू होता, कर्जतला ते हत्यार आहे. शेतकऱ्यासाठी त्याची किंमतही आहे. सह्याद्रीसारख्या संकरिताचे घरचे बी पेरले तर पुढच्या वर्षी पीक एकसारखे येत नाही, म्हणून दर वर्षी बियाणे विकत घ्यावे लागते. महसुरी किंवा सोना मसुरी हे स्थिर झालेले वाण आहेत, त्यांचे बी शेतकरी स्वतः राखू शकतो.

शेवटची वर्षे

कटकनंतर रामय्या अन्न व कृषी संघटनेचे भाततज्ज्ञ म्हणून बँकॉकमध्ये होते. भाताची पैदास आणि आनुवंशिकता यावरचा त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये निघाला. ओडिशातल्या जैपूरच्या डोंगराळ पट्ट्यात भाताची इतकी विविधता आहे की ते भाताच्या उगमाचे एक केंद्र असावे, हे मतही त्यांनी सहकाऱ्यासोबत मांडले होते. पुढे तिथे मोठी पाहणी होऊन शेकडो वाण गोळा झाले. १९५७ मध्ये पद्मश्री, १९७० मध्ये पद्मभूषण आणि १९६८ ते १९७४ या काळात राज्यसभेचे नामनियुक्त सदस्यत्व त्यांना मिळाले.

१९८६ मध्ये दोन गोष्टी घडल्या. बापटल्याचा सांबा महसुरी शेतकऱ्यांसाठी प्रसारित झाला. आणि जपानच्या इकेहाशी व अराकी यांनी एस-५ या जागेचा शोध प्रसिद्ध केला. इंडोनेशियातल्या ‘केतन नांका’सारख्या काही वाणांत या जागेची तटस्थ प्रत असते आणि असा वाण मध्ये घातला तर इंडिका-जपोनिका संकराला दाणे भरतात, असे त्यांनी दाखवले. ही जागा गुणसूत्रावर नेमकी कुठे आहे ते त्यांना ओळखता आले, ते तिच्या जवळच्या एका खुणेवरून. ती खूण होती तुसाच्या टोकाला रंग देणारे जनुक. भातातल्या रंगाचा वारसा मोजण्याचे काम कोइम्बतूरला सुरू झाले, त्याला तेव्हा सत्तर वर्षे होत आली होती.

रामय्या तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांचे होते. दोन वर्षांनी, १९८८ मध्ये त्यांचे निधन झाले. एस-५ मधले जनुक चीनमधल्या संशोधकांनी वेगळे काढले ते २००८ मध्ये. मारेकरी, साथीदार आणि रक्षक यांचा पूर्ण उलगडा व्हायला २०१२ उजाडले.